बटणावरचं कुंकू

साहेब, तुम्ही अन्याय केलात. चुकून नाही, घाईत नाही, चांगले डोळे उघडे ठेवून केलात. तुमचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की तुमच्यासोबत चहा पिणारे लोक म्हणतील, घड्याळाचं काहीतरी खासगी वैर दिसतंय. वैर नाही. माझा एक प्रश्न आहे. तो मी शेवटी विचारणार आहे. आधी ह्या मुलांना सगळी हकिकत सांगू द्या, म्हणजे तुम्ही उत्तर देता की नाही हे बघायला साक्षीदार तरी असतील.

मित्रांनो, लोक मला जुनं घड्याळ म्हणतात. खरं तर मी तसा जुना नाही. एकोणीसशे त्रेपन्न साली कलकत्त्यात विकला गेलो, त्याला आता पाचच वर्षं होताहेत. पण कपाटात पडून राहिलेली वस्तू लवकर जुनी होते. शिक्षण म्हणाल तर शून्य. जे शिकलो ते माणसाच्या मनगटावर बसून, ट्रामच्या धक्क्यांत आणि स्वयंपाकघरातल्या बोलण्यात शिकलो. त्यामुळे माझी भाषा गुळगुळीत नाही. ऐकायचं तर असंच ऐका.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या डोंगरातल्या एका गावी झाला. मी क्रोनोग्राफ आहे, म्हणजे एका पोटात दोन घड्याळं असलेला. एक नेहमीचं, दिवसरात्र चालणारं. दुसरं तुम्ही सांगाल तेव्हा धावणारं आणि सांगाल तेव्हा थांबणारं. त्यासाठी माझ्या कडेला किल्लीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं आहेत. वरचं दाबलं की माझा लांब काटा पळत सुटतो, पुन्हा दाबलं की जागच्या जागी थिजतो. खालचं दाबलं की मुकाट्यानं बाराच्या घरात परत येतो. पांढऱ्याशुभ्र तबकडीवर आणखी दोन चिमुकल्या तबकड्या, निळे काटे, मगरीच्या कातड्याचा पट्टा. सांगायला संकोच कशाला, मी श्रीमंतांसाठी बनलो होतो.

आणि गेलो कुणाकडे? रघुनाथ पाळंदे ह्यांच्याकडे. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत पुलांचे नकाशे काढणारे, नागपूरहून बदली होऊन आलेले, कोपरावर चकाकी आलेला कोट घालणारे गृहस्थ. चौरंगी रस्त्यावरच्या दुकानात ते तीनदा येऊन मला काचेबाहेरून बघून गेले होते. बढती मिळाली त्या आठवड्यात आत आले. दुकानदारानं मला त्यांच्या मनगटावर बांधलं आणि हिंदीत बजावलं, "बाबूजी, माणसाला शरीर असतं तसं ह्यालाही आहे. ही दोन बटणं म्हणजे त्याच्या नाकपुड्या. धूळ, पाणी, तेल, जे काही आत जाईल ते इथूनच जाईल. तेवढं जपा."

रघुनाथरावांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते वरचं बटण दाबत होते आणि काटा पळताना बघून लहान मुलासारखे हसत होते.

घरी आल्यावर काय झालं ते सांगतो. भवानीपूरमध्ये पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. नलिनीबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी डबी उघडून पाहिली.

"अहो, हे काय? मी पाटल्या म्हटलं होतं."

"मनगटातलंच आणलंय की."

"तुमच्या मनगटातलं! आणि एवढं मोठं? ह्यात भात शिजतो का?"

मुलगी धावत आली. कालिंदी, वय चौदा, केस ओलेच. ही मुलगी मी कोरडी फार थोड्या वेळा पाहिली. शाळेआधी तळ्यात, शाळेनंतर तळ्यात. आई म्हणायची, "नाव नदीचं ठेवलं, आता तक्रार करायची कुणाकडे?" दक्षिण कलकत्त्यातल्या मोठ्या तळ्याकाठच्या क्लबात ती पोहायला जायची, आणि तिच्या वयाच्या मुलींत तिला मागं टाकणारं कुणी नव्हतं. पण किती वेगानं पोहते ते नेमकं सांगणार कोण? क्लबात एकच स्टॉपवॉच, तेही मर्जीनं चालणारं.

रघुनाथराव तिला म्हणाले, "आता तुझं पोहणं नीट मोजता येईल."

नलिनीबाईंचा हात विळीवर थांबला. मग पाटल्यांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

मित्रांनो, महागडी वस्तू पहिल्यांदा अंगावर आली की माणूस कसा वागतो, ते मी अगदी जवळून पाहिलं आहे. पहिले काही दिवस रघुनाथराव डावा हात शरीरापासून जरा दूर धरून चालत, जणू तो हात पाहुणा आला आहे. ट्राममध्ये गर्दी झाली की उजवा पंजा माझ्यावर झाकण ठेवल्यासारखा. कचेरीत नकाशावर वाकण्याआधी मला काढून रुमालावर ठेवायचे आणि दर थोड्या वेळानं मी आहे की नाही ते बघायचे. सकाळी अंघोळ झाली की चहाच्या आधी मला किल्ली द्यायचे. त्या वेळी कुणाशी बोलत नसत. देवपूजेच्या वेळी मात्र बोलायचे, हे नलिनीबाईंनी लगेच हेरलं होतं.

आणि मोजण्याचा नुसता सोस! दूध उतू जायला किती वेळ, ट्रामला एका थांब्यापासून दुसऱ्याला किती वेळ, शेजारचे घोषबाबू एका दमात किती वेळ बोलतात. एकदा त्यांनी चुलीजवळ उभं राहून बटण दाबलं तेव्हा नलिनीबाईंनी मागं न बघताच सांगितलं, "माझ्या पोळीला किती वेळ लागतो ते मोजलंत ना, तर हे लाटणं किती वेगानं येतं तेही मोजावं लागेल."

ट्राममध्ये रोज एक तरी गृहस्थ त्यांना म्हणायचा, "दादा, तुमचं घड्याळ बंद पडलंय." कारण माझा लांब काटा बाराच्या घरात स्वस्थ उभा. रघुनाथराव मग खुलून सगळं समजावून सांगत, बटण दाबून दाखवत. पहिल्या आठवड्यात त्यांना ह्या प्रश्नाची वाटच असायची. दुसऱ्या आठवड्यात ते नुसतं "हो का" म्हणू लागले.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. एका रविवारी ते कचेरीतल्या मित्राला गाडीत बसवून द्यायला सियालदह स्टेशनवर गेले. फाळणीला सहा वर्षं उलटली होती, तरी पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं अजून तिथं फलाटाच्या कडेनं राहत होती. चटया, गाठोडी, विटांच्या चुली. रघुनाथरावांनी कोटाची बाही खाली ओढली आणि मी अंधारात गेलो. मला समजलं, त्यांना माझी लाज वाटत होती. माझी की स्वतःची, ते त्यांनाच ठाऊक. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "किती वाजले रे बाबा?" नळाला पाणी यायची वेळ झाली का, ते तिला हवं होतं. आता बाही वर करणं भाग होतं. तिनं मला पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी टोचून बोलणार. ती म्हणाली, "फार सुंदर आहे. सांभाळ हो, हरवू नकोस." आणि हंडा उचलून नळाकडे गेली.

त्यानंतर रघुनाथरावांनी मला कधी लपवलं नाही आणि मिरवलंही नाही.

माझं खरं काम सकाळी तळ्यावर. कालिंदी फळीवर उभी राहायची, रघुनाथराव "हं" म्हणायचे, ती सूर मारायची आणि त्याच क्षणी माझा काटा सुटायचा. पलीकडच्या काठाला हात लावून ती परत यायची, पाण्यातूनच ओरडायची, "बाबा, किती?" ते वेळ सांगायचे. कमी झाली असली की ती पाण्यावर थाप मारायची आणि काठावर बसलेल्या सगळ्यांना भिजवायची. रघुनाथराव मला पटकन पाठीमागं लपवायचे. पोहण्यासाठी घेतलेलं घड्याळ, आणि त्याला जपायचं ते पाण्यापासूनच!

साहेब, आता तुम्ही येता.

दुर्गापूजेच्या सुट्टीआधी तुम्ही भवानीपूरच्या घरी आलात. क्लबाचे सर्वेसर्वा, पांढरंशुभ्र धोतर, हातात संदेश मिठाईचा डबा. सुट्टीनंतर प्रांताच्या संघासाठी मुलींची निवड व्हायची होती. चाचणीत एका वेळी एकच मुलगी पोहणार, जिची वेळ सर्वांत कमी ती जाणार. आणि क्लबाचं स्टॉपवॉच तर कायमचं बसलं होतं. तुम्ही आपल्या बंगाली उच्चारात म्हणालात, "पालांदेबाबू, तुमच्या घड्याळाशिवाय आमचं अडलंय."

रघुनाथराव म्हणाले, "घड्याळ घेऊन जा. पण माझी मुलगी आहे चाचणीत. बटण दुसऱ्या कुणीतरी दाबावं."

तुम्ही हसलात. "घड्याळ तुमचं, बोटही तुमचंच हवं. आमच्यात कुणाला कळताहेत ही दोन-दोन बटणं? आणि तुमच्यासारख्या सज्जन माणसावर कोण शंका घेणार?"

हे शब्द तुमचे आहेत. मी तिथंच होतो, मनगटावर.

मग खंडेनवमी आली. मित्रांनो, तुमच्या घरी ही पूजा होत असेल. ज्याचं पोट ज्या हत्यारावर, ते हत्यार त्या दिवशी पाटावर. आजूबाजूला सगळीकडे दुर्गापूजेचे ढाक-ढोल वाजत होते आणि पाळंद्यांच्या खोलीत पाटावर रघुनाथरावांच्या नकाशाच्या पेन्सिली नि कंपास, नलिनीबाईंची विळी, लाटणं, शिवणाची कात्री, आणि मी. कालिंदीनं हळूच आपला पोहण्याचा पोशाख आणून ठेवला.

"अगं, हे काय देवापुढं!"

"माझं हत्यार तेच आहे, आई."

रघुनाथराव हसले, आणि पोशाख पाटावर राहिला. नलिनीबाईंनी ओल्या बोटानं सगळ्यांना हळदकुंकू लावलं. माझ्यापाशी आल्यावर जरा थांबल्या. काचेवर लावलं तर वेळ दिसणार नाही, पट्ट्यावर लावलं तर डाग पडेल. मग त्यांनी कुंकवाचं बोट माझ्या वरच्या बटणावर टेकवलं. "तुमचा अंगठा इथंच पडणार ना? मग इथंच असू दे."

दुसऱ्या दिवशी रघुनाथराव रुमाल घेऊन पुसायला लागले तर त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. तिची निवड होईपर्यंत पुसू नका. शुभ असतं."

दुकानदारानं नाकपुड्या जपायला सांगितलं होतं. रघुनाथरावांना ते आठवलं असेल, नसेल. पण बायकोनं एवढ्या मनापासून सांगितलेली गोष्ट त्यांना मोडवली नाही. सुकलेलं कुंकू बटणाच्या फटीत बसून राहिलं. त्यानं माझं काही बिघडलंही नव्हतं. सुकं होतं तोवर.

चाचणीच्या दिवशी दुपार टळली होती. पाच मुली. नलिनीबाई पायऱ्यांवर शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिल्या दोघी पोहल्या, माझा काटा चोख पळाला, चोख थांबला. दुसऱ्या मुलीला दम लागला होता, तिला काठावर चढता येईना. रघुनाथरावांनी वाकून तिला हात दिला आणि वर ओढलं. त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत ओला झाला. पंचांनी घाई केली, तिसरी मुलगी फळीवर आली. ती कालिंदी होती.

शिट्टी वाजली. ओला अंगठा बटणावर पडला. कुंकवाचा चिखल झाला आणि बटण अर्ध्यात अडकलं. कालिंदी पाण्यात होती आणि माझा काटा बारावर. रघुनाथरावांनी पुन्हा जोरात दाबलं, तेव्हा मी सुटलो. उशिरा सुटलो.

ती तशी कधीच पोहली नव्हती. पाणी तिच्यापुढून बाजूला होत होतं. तिनं काठाला हात लावला, मी थांबलो, आणि माझ्या तबकडीवर पाचांत सर्वांत कमी ठरेल अशी वेळ होती. तिनं वर बघून विचारलं, "बाबा, किती?"

मित्रांनो, बटण अडकलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. पंच पाण्याकडे बघत होते. साहेब तर खुर्चीत टेकून कुणाशी तरी बोलत होते. ठाऊक होतं ते एका बापाला आणि त्याच्या मनगटावरच्या एका यंत्राला. वेळ वाचून दाखवली असती की संपलं असतं. मुलगी जिंकली होती, आणि तिनं जिंकावं अशी तिची ताकदही होती. त्यांची नाडी माझ्या पाठीला लागून धडधडत होती, ती मी ऐकत होतो.

"थांब हं, बाळ," ते म्हणाले. मग तुमच्याकडे वळले, साहेब, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बटण अडकलं होतं. काटा उशिरा सुटला. ही वेळ धरू नका. हिला पुन्हा पोहू द्या."

त्यांच्या अंगठ्यावर लाल डाग होता. कुणीतरी हसलं, "अरे, घड्याळाचं लग्न लागलंय का?" तुम्हीही हसलात. म्हणालात, "बरं, ही वेळ धरत नाही. पुढची मुलगी."

"आणि कालिंदी?"

"शेवटी बघू."

रघुनाथरावांनी धोतराच्या सोग्यानं बटण पुसलं, दाबून पाहिलं. ते अजून कुरकुरत होतं. त्यांनी तेही सांगितलं, "साहेब, मला ह्याचा भरवसा वाटत नाही. दुसरं घड्याळ मागवा, नाहीतर थोडं थांबा." तुम्ही म्हणालात, "चालवा हो." चौथी पोहली. पाचवी पोहली. त्याच बटणावर, त्याच काट्यावर. चौथीची वेळ तुम्ही धरलीत, आणि तिलाच संघात घेतलंत.

कालिंदी सगळा वेळ फळीजवळ उभी होती. अंग पुसलं नव्हतं, कारण पुन्हा उतरायचं होतं. रघुनाथराव तुमच्यापाशी आले, "आता हिला."

तुम्ही उठून उभे राहिलात. "आता कुठं, पालांदेबाबू? वेळ संपली."

वेळ संपली! हे तुम्ही एका घड्याळासमोर बोललात. मी तेव्हा चालू होतो, साहेब. पाण्यावर ऊन होतं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर पोरं अजून डुंबत होती. संपली होती ती तुमची सबुरी, आणि आत टेबलावर तुमचा चहा मांडला होता.

त्या घरात पुढं काय झालं ते तुम्हाला कधी कळलं नसेल. घरी आल्यावर नलिनीबाईंनी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि त्या पदरानं तो डाग पुसू लागल्या. "म्हणजे मीच..."

"तू नाही," रघुनाथराव म्हणाले. "फटीत कुंकू गेलं, ते धुता आलं असतं. एवढंसं पाणी आणि एवढासा धीर, दोन्ही तिथं होतं."

कालिंदी मात्र उफाळली. "तुम्ही गप्प बसायचं होतं, बाबा! कुणाला कळलं असतं?"

"मला."

"मग कळू द्यायचं होतं तुमचं तुम्हालाच! पोहले मी होते!"

त्यांनी तिच्या ओल्या केसांसाठी कोरडा पंचा पुढं केला. मित्रांनो, मला ते फार आवडलं. दुसऱ्या कुणी लांबलचक उपदेश केला असता.

क्लबात पुढं अशी कुजबुज पसरली की पालांदेबाबू मुलीसाठी लबाडी करताना पकडले गेले. पकडले गेले? कुणी पकडलं? जो माणूस स्वतः उभा राहून बोलला, त्याला पकडणारं होतं कोण? साहेब, ही कुजबुज तुमच्या कानावर आली नाही असं सांगू नका. एका वाक्यात तुम्ही ती मोडू शकला असतात.

कालिंदीनं क्लब सोडला. रघुनाथरावांनी मला डबीत घातलं, डबी कपाटात ठेवली, आणि पुन्हा कोपऱ्यावरच्या चौकातलं घड्याळ बघून कचेरीला जाऊ लागले. किल्ली नसली की आम्ही मरत नाही, फक्त थांबतो. पण आतलं तेल सुकतं, दातेरी चाकं एकमेकांना चिकटून बसतात. दर खंडेनवमीला नलिनीबाई मला बाहेर काढायच्या, पाटावर ठेवायच्या आणि लांबूनच अक्षता टाकायच्या. कुंकवाचा हात माझ्याजवळ आला की मागं जायचा. त्या हाताचं मला फार वाईट वाटायचं. लावा हो बाई, मला राग नाही, असं ओरडावंसं वाटायचं.

ह्या वर्षी एके दिवशी डबी उघडली ती कालिंदीनं. आता ती एकोणीस वर्षांची आहे. कॉलेजात जाते, आणि संध्याकाळी भवानीपूरमधल्याच एका लहानशा पुष्करिणीत मुलींना पोहायला शिकवते. तिथं क्लब नाही, खुर्च्या नाहीत, चहा नाही. तिनं बाबांना विचारलं, "घेऊ का हे?" त्यांनी मला कारागिराकडे नेलं, उघडून साफ करून घेतलं, पट्ट्याला दाभणानं एक जास्तीचं भोक पाडलं आणि आपल्या हातानं तिच्या मनगटावर बांधलं. नलिनीबाई दारात उभ्या होत्या. कालिंदीनं हात पुढं केला, "आई, लाव." त्या म्हणाल्या, "नको गं." "पट्ट्यावर लाव. डाग पडला तर पडला." आणि त्यांनी लावलं.

मित्रांनो, घड्याळ जपायचं ते असं. किल्ली द्या, पाण्यापासून लांब ठेवा, बटणांत काही जाऊ देऊ नका. पण तेवढ्यानं भागत नाही. घड्याळ खरं सांगतं म्हणून तुम्ही त्याला विश्वासानं बांधता. मग माणूस खरं सांगतो तेव्हा त्यालाही जपा. तो रोज भेटत नाही.

परवा त्या पुष्करिणीत एक लहान मुलगी पोहत होती. काठाला तिचा हात नेमका कधी लागला, ते कालिंदीला नीट दिसलं नाही. मुलगी डोळ्यांवरचं पाणी पुसत वर बघत होती, "दीदी, किती?" कालिंदीनं माझं खालचं बटण दाबलं. मी बाराच्या घरात परत आलो. ती म्हणाली, "पुन्हा." मुलगी कुरकुरत फळीवर गेली आणि पुन्हा पोहली. मोजून सांगू, ह्या सगळ्याला किती वेळ लागला? तुमचा चहा निवलाही नसता.

साहेब, तुम्ही अजून त्याच खुर्चीत आहात. ती मुलगी ओल्या अंगानं तुमच्यासमोर उभी होती. तिच्या बापानं खरं सांगितलं होतं. पाणी होतं, ऊन होतं, मी होतो. एक शब्द बोलायचा होता. तो तुम्ही का बोलला नाहीत?

उत्तर द्या. मी मोजतोय.